एक चाल, दोन उत्तरं : विश्वातला आपला वेग मोजण्याचं एक न सुटलेलं प्रकरण

एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास पुण्यातून दक्षिणेकडे तोंड करून वर पाहिलं, की सिंह रास जवळजवळ माथ्यावर आलेली असते. तिच्यातली मघा आणि शेपटाकडची उत्तरा फाल्गुनी यांना जोडणारी रेषा मनात ओढायची, तिचा मध्य धरायचा आणि हात लांब करून तिथून एक वीत खाली यायचं. लांब केलेल्या हाताची वीत आकाशात साधारण वीस अंश व्यापते. आपण जिथे पोहोचतो तिथे नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. चषक नावाचा फिकट तारकासमूह तिथे सुरू होतो, एवढंच. पण आपली अख्खी सूर्यमाला याच बिंदूच्या रोखाने सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने चालली आहे, असं सूक्ष्मलहरींची मोजमापं सांगतात.

आता तिथून उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, सुमारे दीड वीत सरकायचं. वासुकी तारकासमूहातला अल्फार्ड हा एकटा, तांबूस तारा दिसतो. त्याच्या अगदी जवळ दुसरा बिंदू आहे. साडेतेरा लाख क्वेसार, म्हणजे कृष्णविवरांमुळे प्रखर तळपणारी दूरच्या दीर्घिकांची केंद्रं, मोजून काढलेलं उत्तर या दुसऱ्या बिंदूकडे बोट दाखवतं, आणि ते सरळ वेगात उलगडलं तर आकडा सेकंदाला ८०० किलोमीटरच्या आसपास जातो.

सूर्यमाला एकच आहे, तिची चालही एकच असणार. मग दोन रीतींनी मोजल्यावर दोन उत्तरं का यावीत, आणि त्यातल्या कोणत्या मोजणीवर किती विश्वास ठेवायचा, हे या लेखाचं प्रकरण. आजच्या विश्वशास्त्रात याहून मोठा गाजावाजा झालेले वाद आहेत. मला मात्र हा वाद जास्त मूलभूत वाटतो, कारण इथे प्रश्न एखाद्या स्थिरांकाच्या किमतीचा नाही, सगळा हिशेब ज्या जमिनीवर उभा आहे त्या जमिनीचा आहे.

कशाच्या सापेक्ष?

वेग म्हटला की लगेच विचारायला हवं, कशाच्या सापेक्ष. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे पुण्यातला माणूस सेकंदाला सुमारे ४४० मीटर सरकत असतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने जाते. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरने, हंस तारकासमूहाच्या दिशेने. आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका एकमेकींकडे सेकंदाला शंभरहून अधिक किलोमीटरने येत आहेत. यातला प्रत्येक आकडा कोणत्या तरी शेजाऱ्याच्या सापेक्ष आहे. संपूर्ण विश्वाच्या सापेक्ष आपला वेग किती, या प्रश्नाला १९६५ पर्यंत धड अर्थही देता येत नव्हता.

त्या वर्षी आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर केला. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश आज सगळ्या दिशांनी आपल्यापर्यंत पोहोचतो. त्याचं तापमान २.७२५५ केल्विन. जो निरीक्षक या प्रारणाच्या सापेक्ष स्थिर आहे त्याला ते चहूबाजूंनी सारखं दिसेल. जो चालतो आहे त्याला पुढची बाजू किंचित उबदार आणि मागची किंचित थंड दिसेल. डॉप्लर परिणामाचाच हा खेळ आहे, जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी चढी ऐकू येते तसा. आकाशाची एक बाजू उबदार, समोरची थंड आणि मधे सलग उतार, अशा आकृतीला द्विध्रुव म्हणतात.

यामुळे सापेक्षतेला धक्का लागत नाही. भौतिकीचे नियम सगळ्या चालींसाठी सारखेच राहतात. फक्त विश्वातल्या द्रव्याने आणि प्रारणाने मिळून संदर्भाची एक चौकट आपसूक देऊ केली आहे, आणि तिच्या सापेक्ष आपण किती चालतो ते विचारता येतं, एवढंच.

उलटं फिरवता येणारं यंत्र

द्विध्रुवाची पहिली धूसर चाहूल १९६९ मध्ये एडवर्ड कॉंक्लिन यांच्या मोजणीत लागली. त्यानंतर बलूनमधून प्रयोग झाले. पण ज्याने शंका मिटवली तो प्रयोग एका हेरगिरीच्या विमानातला. बर्कलीच्या जॉर्ज स्मूट, मार्क गोरेन्स्टाइन आणि रिचर्ड म्युलर यांनी नासाच्या यू-२ विमानात आपलं यंत्र बसवलं आणि सुमारे २० किलोमीटर उंचीवरून आकाश मोजलं. त्यांचा निकाल १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला : द्विध्रुव ३.५ मिलीकेल्विन, अधिकउणे ०.६, वेग सेकंदाला ३९० किलोमीटर, अधिकउणे ६०, दिशा सिंह राशीची.

या प्रयोगातली एक गोष्ट मी पुढच्या सगळ्या लेखासाठी धरून ठेवणार आहे. त्यांना पावणेतीन केल्विनच्या प्रारणात हजारात एक एवढा फरक पकडायचा होता, आणि त्यांच्या यंत्राचे दोन कर्णे, म्हणजे लहरी टिपणारे कर्ण्याच्या आकाराचे अँटेना, कधीच तंतोतंत सारखे असणार नव्हते. डावा कर्णा जरासा जास्त संवेदनशील असला, की डावीकडचं आकाश उगीचच उबदार दिसणार. यावर उपाय साधा होता. दोन्ही कर्णे दोन दिशांना रोखायचे, तापमानातला फरक घ्यायचा, मग यंत्रच १८० अंशांनी फिरवायचं. आता जो कर्णा पूर्वेला होता तो पश्चिमेला. फरक आकाशाचा असेल तर त्याचं चिन्ह बदलेल, यंत्राचा असेल तर बदलणार नाही. विमान तिरकं झालं तर एका बाजूला हवेचा थर जाड होतो, म्हणून ऑक्सिजनच्या उत्सर्जनावर नजर ठेवणारं दुसरं यंत्र वेगळ्या कंप्रतेवर जोडलेलं होतं. स्वतःच्या यंत्रावर एवढा अविश्वास दाखवल्यावरच त्यांनी आकाशाबद्दल तोंड उघडलं.

निकाल अनपेक्षित होता. सूर्य आकाशगंगेभोवती हंसाच्या दिशेने जातो, तर द्विध्रुव सिंहाकडे, म्हणजे बऱ्याच उलट्या बाजूला. दोन्ही जमायचं तर आकाशगंगा स्वतःच सेकंदाला ६०० किलोमीटरच्या आसपास वेगाने कुठेतरी ओढली जात असली पाहिजे. आसपासच्या दीर्घिकासमूहांच्या गुरुत्वाकर्षणाचा अभ्यास त्यानंतर कितीतरी वर्षं याच धाग्यावर चालला.

पुढे कोबे, डब्ल्यूमॅप आणि प्लांक या अवकाशयानांनी ही मोजणी धारदार केली. प्लांकचा आकडा आहे ३.३६२ मिलीकेल्विन, म्हणजे सेकंदाला ३६९.८२ किलोमीटर, आणि त्यातली अनिश्चितता ०.११ किलोमीटर. इथेही पडताळा घरचाच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे दर सहा महिन्यांनी ३० किलोमीटरचा वेग उलटा होतो, आणि त्यातून ०.२७ मिलीकेल्विनचा एक छोटा, आधीपासून नेमका ठाऊक असलेला द्विध्रुव तयार होतो. यंत्राची मोजपट्टी त्यावर लावून घेतली जाते.

म्हणजे उबदार बाजू किती उबदार, याबद्दल आता शंका नाही. शंका घ्यायला जागा आहे ती पुढच्या पायरीला. हा सगळाच्या सगळा द्विध्रुव आपल्या चालीमुळेच आहे, हे गृहीतक आहे. ते सोयीचं आणि बहुधा बरोबर आहे, पण तापमानाच्या द्विध्रुवाकडे नुसतं पाहून ते सिद्ध होत नाही. २०१३ मध्ये प्लांकच्या चमूने पार्श्वप्रारणातल्या बारीक ठिपक्यांची आपल्या चालीमुळे होणारी दाटीवाटी मोजून वेग काढला, तो ३८४ किलोमीटर आला. छान जुळला. पण त्यातली सांख्यिकीय त्रुटी ७८ आणि पद्धतीची ११५ किलोमीटर होती, त्यामुळे निर्वाळा म्हणून तो पुरेसा नाही.

दुसरी वाट : मोजदाद

१९८४ मध्ये जॉर्ज एलिस आणि जॉन बाल्डविन यांनी एक छोटा शोधनिबंध लिहिला. म्हणणं असं : पार्श्वप्रारणाच्या सापेक्ष आपण चालत असू, तर दूरच्या दीर्घिकांच्या सापेक्षही तेवढेच चालत असायला हवं. कारण पुरेशा मोठ्या पल्ल्यावर द्रव्य आणि प्रारण दोघांची स्थिर चौकट एकच असते, हे तर विश्वशास्त्राचं पायाभूत तत्त्व. तेव्हा आकाशातले दूरचे रेडिओ स्रोत मोजा. चालीच्या दिशेने ते जास्त भरतील, मागे कमी.

जास्त का भरतील, याला दोन कारणं आहेत. पहिलं प्रकाशाचं विपथन. पावसात चालायला लागलं की सरळ पडणाऱ्या सरी समोरून आल्यासारख्या लागतात आणि छत्री पुढे कलवावी लागते. प्रकाशाचंही तसंच. आपल्या वेगामुळे सगळे स्रोत चालीच्या दिशेला किंचित ओढल्यासारखे दिसतात, जास्तीत जास्त सव्वाचार कलांनी, म्हणजे चंद्रबिंबाच्या सातव्या भागाइतके. एवढ्या सरकण्याने पुढच्या बाजूची दाटी पाव टक्क्याने वाढते. दुसरं कारण डॉप्लर परिणामाचं. पुढचा प्रत्येक स्रोत सुमारे ०.२ टक्के जास्त तेजस्वी दिसतो, त्यामुळे मोजणीची किमान मर्यादा ज्यांनी जेमतेम चुकवली असती असे काही स्रोत ती ओलांडून यादीत येतात. रेडिओ स्रोतांसाठी दोन्ही परिणामांची बेरीज ०.४६ टक्क्यांच्या आसपास भरते. अर्धा टक्कासुद्धा नाही.

हा आकडा किती कठीण आहे हे एका हिशेबाने कळतं. समजा दहा लाख स्रोतांची यादी आहे. आकाशाचे चालीच्या रेषेला आडवे दोन अर्धगोल केले, तर पुढच्या अर्धात मागच्यापेक्षा सुमारे २३०० स्रोत जास्त निघायला हवेत. पण नुसत्या योगायोगानेही दोन अर्धांत हजारभराचा फरक पडू शकतो. म्हणजे दहा लाख मोजूनही संकेत योगायोगाच्या सव्वादोन पट. एक लाखाची यादी असेल तर अपेक्षित फरक २३० आणि योगायोगाचा ३१६, संकेत बुडालाच. म्हणून एलिस आणि बाल्डविन यांची कल्पना जवळपास दोन दशकं यादीची वाट पाहत राहिली.

पहिली यादी

न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए दुर्बिणीने नव्वदच्या दशकात १.४ गिगाहर्ट्झला आकाशाचा ८२ टक्के भाग पालथा घातला. एनव्हीएसएस नावाच्या या सर्वेक्षणात सुमारे १८ लाख स्रोत मिळाले. २००२ मध्ये ख्रिस ब्लेक आणि जॅस्पर वॉल यांनी त्यावर पहिली गंभीर मोजदाद केली. दिशा पार्श्वप्रारणाच्या दिशेशी जुळली आणि आकडाही त्रुटीच्या मर्यादेत बसला. अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं की माणूस निःश्वास सोडतो, तसंच इथे झालं.

२०११ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले अशोक सिंगल यांनी त्याच यादीचं पुन्हा विश्लेषण केलं, स्रोतांच्या संख्येबरोबर आकाशाच्या एकूण रेडिओ तेजाचंही. दिशा तीच आली. वेग मात्र सेकंदाला सुमारे १६०० किलोमीटर, अधिकउणे ४००. म्हणजे पार्श्वप्रारणाच्या चौपट. असा निकाल मांडायला धीर लागतो, कारण पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : कुठेतरी चूक असणार. पुढच्या काही वर्षांत इतर गटांनीही एनव्हीएसएस तपासली. पट कमीअधिक आली, दोन म्हणणारे होते, चार म्हणणारे होते. एक मात्र कोणालाच काढता आलं नाही, आकडा अपेक्षेपेक्षा जास्त येतो हे.

चूक असू शकते अशा जागाही खऱ्या होत्या. व्हीएलएच्या डिशांची मांडणी आकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी वेगळी ठेवली होती, त्यामुळे अंधूक स्रोतांच्या घनतेत त्या पट्ट्यांच्या सीमेवर पायरी दिसते. म्हणून अंधूक स्रोत गाळावे लागतात. गाळले की संख्या घटते आणि योगायोगाचा वाटा वाढतो. आकाशगंगेचा पट्टा झाकावा लागतो. जवळच्या दीर्घिका काढाव्या लागतात, कारण त्यांची स्वतःची गर्दी एका बाजूला जास्त असली तर ती चालीचं सोंग घेते. कात्री लावणाऱ्याच्या निर्णयांवर उत्तर थोडं हलतं, आणि संशयाला तेवढं पुरतं.

खोडदची यादी

इथे हे प्रकरण आपल्या अंगणात येतं. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालं की ऐंशीएक किलोमीटरवर नारायणगावजवळ खोडद लागतं. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशा म्हणजे गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी. विज्ञान दिनाच्या सुमारास आसपासच्या शाळांतली मुलं ती पाहायला लोटतात. या दुर्बिणीने २०१० ते २०१२ दरम्यान १५० मेगाहर्ट्झला आकाशाचा ९० टक्के भाग पाहिला. हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदींवर नव्याने प्रक्रिया केली आणि टीजीएसएस या नावाने ६ लाख २० हजार स्रोतांची यादी सगळ्या जगासाठी खुली केली. इतक्या कमी कंप्रतेवर एवढं आकाश इतक्या बारकाईने त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

एनव्हीएसएसच्या कोड्याला दुसरी साक्ष हवीच होती. २०१८ च्या सुमारास टीजीएसएसवर द्विध्रुवाचा हिशेब झाला. उत्तर आलं सुमारे ७ टक्के. अपेक्षा होती अर्ध्या टक्क्याची. दहापटीहून जास्त! दिशा याही वेळी साधारण त्याच बाजूची.

हा आकडा खरा मानला तर आपण प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास दोन टक्क्यांनी धावत आहोत, आणि मग पार्श्वप्रारणाचं काय करायचं? कमी कंप्रतेवर द्विध्रुव मोठा होत जातो की काय, अशीही मांडणी झाली. पण मला यात दुसरी गोष्ट जास्त शिकवणारी वाटते.

स्रोत किती, हे आपण एका ठरावीक तेजाच्या वरचे मोजतो. तेज मोजण्याची पट्टीच आकाशाच्या एका बाजूला किंचित उदार असेल, तर तिकडचे जास्त स्रोत मर्यादा ओलांडतील आणि यादीत गर्दी करतील. अर्ध्या टक्क्याचा द्विध्रुव शोधायचा तर पट्टी आकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या टक्क्याहून बरीच काटेकोर हवी. टीजीएसएसच्या कर्त्यांनी तेजाच्या पट्टीतली अनिश्चितता स्वतःच १० टक्के सांगून ठेवली होती. १५० मेगाहर्ट्झला आकाशगंगेची स्वतःची रेडिओ प्रभा प्रखर असते, आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, रात्रीगणिक बदलतं, आणि एवढं आकाश दोनेक वर्षांच्या वेगवेगळ्या रात्रींतून जोडून घ्यावं लागतं. बहुतेक कामांसाठी दहा टक्के उत्तम आहे. द्विध्रुवासाठी नाही. टीजीएसएसच्या मोठ्या पल्ल्यावरच्या चढउतारांचा तपास करणाऱ्यांनी पुढे हेच सुचवलं, की या यादीतला अतिरिक्त भाग मोजणीतल्या पद्धतशीर चुकांचा दिसतो.

यात खोडदच्या दुर्बिणीला किंवा यादी करणाऱ्यांना कमीपणा आहे असं कोणाला वाटू नये. त्यांनी आपली मर्यादा आकड्यात लिहून ठेवली होती, म्हणूनच हा तपास होऊ शकला. आणि दहापट आकडा हा आपल्या चालीचा पुरावा नाही हे ज्यांनी ताडून पाहिलं, त्यांनी उरलेल्या निकालांची किंमत वाढवली. एनव्हीएसएसच्या बाजूने बोलणाऱ्यांना टीजीएसएस सोबतीला घेता आली असती, दिशा जुळत होती. त्या मोहात न पडणं महत्त्वाचं होतं.

वरून केलेली मोजदाद

मग २०२१ मध्ये नेथन सेक्रेस्ट, सेबास्टियन फॉन हाउसेगर, मोहम्मद रमीज, रोया मोहायाई, सुबीर सरकार आणि जॅक कोलिन यांनी रेडिओ बाजूला ठेवून अवरक्त किरणांकडे मोर्चा वळवला. वाइझ हे ४० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीचं नासाचं यान. त्याच्या नोंदींवरून केलेल्या कॅटवाइझ या सूचीतून त्यांनी रंगाच्या निकषावर क्वेसार निवडले, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून ३० अंशांच्या आतला सगळा भाग टाकून दिला आणि १३ लाख ५५ हजार ३५२ क्वेसार मोजले. क्वेसार फार दूरचे असतात, त्यामुळे जवळच्या गर्दीचा आक्षेप इथे बराच लंगडा पडतो.

क्वेसारांच्या वर्णपटाचा उतार आणि अंधूक क्वेसारांचं प्रमाण धरून अपेक्षा होती ०.७ टक्क्यांची. निघाला १.५५ टक्के. दुपटीहून जास्त. दिशा पार्श्वप्रारणाच्या द्विध्रुवापासून २८ अंशांवर, तो सुरुवातीचा अल्फार्डजवळचा बिंदू. योगायोगाने असं घडण्याची शक्यता वीस लाखात एक, सांख्यिकीच्या भाषेत ४.९ सिग्मा.

दुसऱ्या वर्षी याच गटाने कॅटवाइझचे क्वेसार आणि एनव्हीएसएसचे रेडिओ स्रोत, दोन्ही याद्यांत असलेले मोजके स्रोत वगळून, एकत्र तपासले. ५.१ सिग्मा. मला हा टप्पा साऱ्या प्रकरणाचा कणा वाटतो, आणि त्याचं कारण तो सिग्माचा आकडा नाही. यू-२ मधल्या मंडळींना आपलं यंत्र उलटं फिरवता येत होतं. यादी करणाऱ्यांना आकाश उलटं फिरवता येत नाही. त्यांच्यापुढे एकच मार्ग उरतो : ज्याच्या चुका पूर्णपणे वेगळ्या कारणांनी होतात असं दुसरं यंत्र. एक न्यू मेक्सिकोच्या पठारावरची रेडिओ दुर्बीण, तिच्या चुका जमिनीच्या आणि डिशांच्या मांडणीच्या हिशेबाने पडतात. दुसरं ध्रुवांवरून घिरट्या घालणारं अवरक्त यान, त्याच्या चुका क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाच्या, हिशेबाने पडतात, कारण क्रांतिवृत्ताच्या ध्रुवांकडचं आकाश ते जास्त वेळा पाहतं. त्या गटाने हा उतार शोधून दुरुस्तही केला होता. या दोघांनी स्वतंत्रपणे, जवळपास त्याच बाजूला, अपेक्षेपेक्षा मोठा द्विध्रुव दाखवावा, हे टीजीएसएससारखं पट्टीच्या चुकीवर ढकलून देता येत नाही.

आक्षेप आणि त्यांचं वजन

सगळ्याच मोजण्या एका बाजूच्या नाहीत. जेरेमी डार्लिंग यांनी २०२२ मध्ये व्हीएलए आणि ऑस्ट्रेलियातल्या आस्कॅप दुर्बिणीची सर्वेक्षणं जोडून पाहिली, त्यांचा वेग पार्श्वप्रारणाशी जुळणारा आला. गाया यानाच्या नोंदींवरून केलेल्या क्वाया या क्वेसार यादीच्या २०२४ मधल्या विश्लेषणातही द्विध्रुव अपेक्षेशी सुसंगत निघाला, पण तिथे आकाशगंगेतल्या धुळीमुळे निवडीवर होणारा परिणाम मोठा आहे. जमिनीवरून निरनिराळ्या ठिकाणांहून केलेली दोन सर्वेक्षणं जोडताना त्यांच्या तेजाच्या पट्ट्या सांधाव्या लागतात, आणि सांधा बरोबर त्याच अर्ध्या टक्क्याच्या प्रश्नावर येऊन टेकतो. म्हणून या दोन निकालांना मी नाकारत नाही, पण तराजूत कॅटवाइझइतकं वजनही देत नाही.

एक आक्षेप मूळ सूत्रावरच होता. काळानुसार क्वेसारांचं तेज आणि वर्णपट बदलत गेले असतील, तर एलिस आणि बाल्डविन यांचं साधं सूत्र चालेल का? मुद्दा रास्त आहे. त्यावर आलेलं उत्तरही मला पटतं : सूत्राला लागणाऱ्या दोन्ही राशी यादीच्या कडेवरच्या, म्हणजे मर्यादेजवळच्या स्रोतांवरून प्रत्यक्ष मोजता येतात. आतला इतिहास कसाही असो, मर्यादा ओलांडतात ते कडेवरचेच.

दुसरा आक्षेप मोजदादीच्या गणिताचा. एकाच रेडिओ दीर्घिकेचे दोन पंख दोन वेगळे स्रोत म्हणून यादीत चढतात. जनगणनेत एकाच घरातली माणसं एकत्र सापडावीत तसं. त्यामुळे आकड्यांचं विखुरणं शुद्ध योगायोगाने येतं त्याहून जास्त असतं, आणि जुन्या पद्धती हे लक्षात न घेता खात्री वाढवून सांगतात. बीलेफेल्ड विद्यापीठातले लुकास ब्योमे आणि सहकारी यांनी २०२५ मध्ये हे बहुगणन हिशेबात घेणारी पद्धत वापरली आणि युरोपातली लोफार, आस्कॅप आणि व्हीएलए या तीन रेडिओ दुर्बिणींच्या याद्या एकत्र तपासल्या. या दुरुस्तीने विसंगती विरघळेल असं वाटणाऱ्यांची निराशा झाली. द्विध्रुव अपेक्षेच्या ३.६७ पट, अधिकउणे ०.४९, आणि ५.४ सिग्मा.

मग सूर्यमाला खरंच किती वेगाने चालली आहे? माझ्या मते ३७० च्या आसपासच. पार्श्वप्रारणाच्या ठिपक्यांची दाटी तिकडेच झुकते, आणि ८०० किंवा १६०० किलोमीटरचा वेग धरला तर तापमानाचा द्विध्रुव इतका लहान का, हे समजावायला त्याहून अवघड गोष्टी गृहीत धराव्या लागतात. पण वेग ३७० असेल, तर क्वेसारांच्या आणि रेडिओ दीर्घिकांच्या वाटणीत आपल्या चालीशी संबंध नसलेला एक कल उरतो. अब्जावधी प्रकाशवर्षांच्या पल्ल्यावर द्रव्य एका बाजूला थोडं जास्त असणं. मोठ्या पल्ल्यावर विश्व सगळीकडे सारखं, हे तत्त्व आपण शंभर वर्षं हिशेबाच्या सोयीसाठी वापरत आलो, आणि आकाश सारखंच दिसतं म्हणून त्यावर विसंबलो. विश्वाचं प्रसरण वेगवान करणाऱ्या कृष्ण ऊर्जेचा आकडासुद्धा त्याच तत्त्वाच्या चौकटीत निघतो. ती चौकट थोडी जरी तिरकी निघाली, तर दुरुस्ती कुठवर करावी लागेल याचा अंदाज बांधणं मला आज कठीण वाटतं.

पुढची परीक्षा कशी असावी हे मात्र स्पष्ट आहे. कल आपल्या चालीचा असेल तर तो सगळ्या अंतरांवर सारखा दिसायला हवा. स्रोतांच्या वाटणीचा असेल तर ताम्रसृतीनुसार, म्हणजे प्रकाश तांबड्याकडे किती सरकला यावरून कळणाऱ्या अंतरानुसार, बदलायला हवा. त्यासाठी प्रत्येक स्रोताचं अंतर माहीत असलेली यादी लागते. युक्लिड यान अवकाशात आहे, चिलीतली रुबिन वेधशाळा सुरू झाली आहे, आणि दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे हा महाकाय रेडिओ दुर्बिणींचा प्रकल्प उभा राहतो आहे. त्या शेवटच्या प्रकल्पात भारताचा वाटा आहे आणि इथलं काम पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्राकडून चालतं, म्हणजे जिने खोडदची दुर्बीण चालवली त्याच संस्थेकडून. कोट्यवधी स्रोतांच्या त्या यादीत योगायोगाचा प्रश्न उरणारच नाही. उरेल तो तेजाच्या पट्टीचा. ती आकाशभर पाव टक्क्याच्या आत समतल ठेवणं हे काम यादी तयार झाल्यावर करायचं नाही, निरीक्षणांचं वेळापत्रक आखतानाच करायचं आहे : तोच आकाशाचा तुकडा वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या डिशांनी पुन्हा पुन्हा पाहणं, आणि त्यासाठी लागणारा वेळ आधीच राखून ठेवणं.